कोरडं बोट

१४ जानेवारी

नामविस्तार दिन. विद्यापीठाच्या गेटसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, घोषणा. आई दरवर्षीप्रमाणे गावच्या बायांसोबत जीपमधून आली, गेटला हात जोडले आणि मग फोन करून मला खाली बोलावलं.

"एवढी गर्दी लोटलीय अन् तू एकलीच वर काय करू राह्यली?"

"पावडर पाण्यात मिसळू राह्यले."

"चार वर्सं झाली की गं. आजून मिसळंना व्हय?"

मालनबाई मध्येच म्हणाल्या, "कोन्ती पावडर? तोंडाला लावायची?" बाया हसल्या, मीही हसले. आईनं भाकरी-ठेच्याचं फडकं हातात दिलं आणि त्या सगळ्या एकमेकींचा पदर धरून पुन्हा गर्दीत शिरल्या. मी जिना चढून लॅबमध्ये आले. खुर्च्या सहा, माणूस एक. सुयश नोकरी लागून पुण्याला गेला, मोनिका लग्न होऊन नाशिकला. खिडकीत बसून भाकरी खाल्ली.

मालनबाईंना काय सांगणार? ही पावडर टेफ्लॉनची. न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच, पण डोळ्याला एकेक दाणा कधीच दिसणार नाही इतकं बारीक. तिचं पाण्याशी जन्माचं वैर. पाण्यात टाकली की वर तरंगत बसते. कारखान्यांत तिला पाण्यात बसवायला जी रसायनं वापरायचे, त्यातली काही नदी-विहिरीतून कधी जातच नाहीत. आमचा विचार असा, की धिंगरी अळिंबीत, म्हणजे एका जातीच्या मश्रूममध्ये, एक प्रथिन असतं, त्याची एक बाजू पाण्याला धरते, दुसरी पाण्यापासून पळते. जिथं सीमा दिसेल तिथं ते पातळ पापुद्रा धरतं. त्यानं प्रत्येक दाण्याला पांघरूण घातलं तर पाणी दाण्याला आपलं म्हणेल. कागदावर चार ओळींचं काम आहे.

माझे गाईड काकडे सर, त्यांची यासाठी एक जुनी परीक्षा आहे. मशीनबिशीन नंतर, आधी बाटलीत बोट बुडवायचं. पावडर मिसळली नसेल तर ती बोटाभोवती लपेटते आणि बोट पाण्यातून चक्क कोरडं बाहेर येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या होत्या. सर म्हणाले होते, "टाळ्या बोट ओलं झाल्यावर."

आजही कोरडंच आलं.

२२ जानेवारी

काकडे सर लांब रजेवर जाणार, अशी विभागात आठवडाभर कुजबुज होती. मे अखेरीला ते निवृत्तच होणार आहेत. ते गेले की ही लॅब दुसऱ्या विभागाला द्यायची ठरलेली आहे. म्हणजे ते आज गेले तर माझं काम आजच बंद. मी दोन दिवस नीट जेवले नाही. आज क्लार्कनं सांगितलं, सरांनी अर्ज मागं घेतला.

जीव भांड्यात पडला. पण इथं खरंच लिहायचं तर दुसरं मनात आलं ते असं, की खुर्ची सुटत नाही माणसाला.

त्याला कारण आहे. सकाळी कॉरिडॉरमध्ये सर समोरून आले. मी थांबले, हसले, मान लववली. सर तसेच पुढं निघून गेले. पूर्वी लांबूनच ओरडायचे, "काय मेघा, बोट ओलं झालं का?" आता बॅग शिपाई कडुबामामांच्या हातात, सरांचा हात मामांच्या खांद्यावर, आणि चाल अशी की मागं चवरी ढाळणारा तेवढा कमी. निवृत्तीच्या तोंडावर नवाबी आली आहे. मामाही बिचारे निमूट चालतात.

३ फेब्रुवारी

प्रथिन गोळा करायची युक्ती सोपी आहे. धिंगरी ज्या पाण्यात वाढली त्यातून बारीक बुडबुडे सोडायचे. प्रथिन हवेला जाऊन चिकटतं, फेस होतो, फेस काढून घ्यायचा. विभागाचा पंप बंद पडला म्हणून शहागंजात मासेवाल्या चाचांच्या दुकानात गेले. काचेच्या पेट्यांत लाल-काळे मासे, आणि चाचा पेपर वाचत बसलेले.

"कौनसी मछली है आपके पास?"

"मछली नहीं है चाचा. खाली बुलबुले छोडने के हैं."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "खाली बुलबुले? दो मछलियां भी ले जाव बेटा. जी लगा रहता."

नको म्हणाले. रिक्षात बसल्यावर वाटलं, घ्यायला हवे होते मासे. पण पुंडलिकनगरात नळाला पाणी येतं कधीतरी, आणि घरमालकीण केसरबाई माझ्या बादलीवर नजर ठेवून असतात. त्यात माशांना कुठं आंघोळ घालू?

१७ फेब्रुवारी

पंप चालू आहे. दिवसभर गुरगुरतो. लॅबमध्ये माझ्याशिवाय कुणाचा तरी आवाज आला, हेही काही कमी नाही.

५ मार्च

प्रथिन पुरेसं जमलं. वाळल्यावर कापसाच्या बोंडातल्या धाग्याइतकं दिसतं, त्यासाठी महिना गेला. पाण्यात विरघळवलं, पावडर टाकली आणि मिक्सर पूर्ण वेगानं फिरवला. बाटली पांढरीशुभ्र! मी श्वास धरून बसले. अर्ध्या तासात फेस वर आला, खाली पाणी स्वच्छ, पावडर फेसाला लटकलेली. बोट घातलं. कोरडं.

तशीच बाटली घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. फसलंय हे मुद्दामच सांगितलं नाही. पाहू देत, म्हटलं, पाहून बोलू देत. सरांनी बाटली हातात घेतली, खिडकीकडं धरली, इकडून तिकडं फिरवली आणि म्हणाले, "ठीक आहे. ठेव."

ठीक आहे! वर पावडरचा थर, खाली नितळ पाणी. आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बघायचंच नसेल त्याला काय करणार? बोट बुडवायचंही त्यांना सुचलं नाही. मी बाटली घेऊन परत आले आणि पंपाचं बटण बंद करून नुसती बसून राहिले. या कामातलं खरं-खोटं ओळखणारा माणूस या शहरात एकच, आणि त्यालाही माझा कंटाळा आला आहे. रडू आलं. रडले. कुणी विचारायला नव्हतं, त्यामुळं लवकर आवरलं.

१८ मार्च

सर आता लिहून काहीच देत नाहीत. पूर्वी माझ्या मसुद्यावर लाल शाईचं रान माजायचं. आता व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवतात, "मेघा, येऊन जा." दोन शब्द टाईप करायची तसदी नाही. परवा माझ्या फॉर्मवर सही केली तीही रेघ सोडून, खालच्या शिक्क्यावर. क्लार्कनं फॉर्म परत केला.

आज बोलावलं आणि म्हणाले, "जानेवारीपासूनची प्रयोगांची वही आण आणि मोठ्यानं वाच."

"सर, ठेवून जाऊ का? सवडीनं पाहा."

"नको, वाच. सगळं वाच, गाळू नकोस."

पहिलीतल्या पोरीसारखी उभी राहून वाचत होते. दारातून जाणारे येणारे डोकावत होते. सर डोळे मिटून मागं टेकलेले. मला वाटलं झोपले. मी आवाज जरा चढवला, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. फेस, फेस, फेस. दर पानावर फेस ऐकू येऊ राह्यला."

"हो सर, फेस तर येतोच."

"तुझ्या प्रथिनानं कुठं जावं असं तुला वाटतं?"

"दाण्यावर."

"अन् तू त्याला काय दाखवती? हवा. जोरानं घुसळून हजार बुडबुडे करती. पंपानं हवा सोडून तू त्याला फेसात पकडती ना? मग मिसळताना पुन्हा तीच हवा दिली तर ते दुसरं काय करणार? तुझं समदं प्रथिन बुडबुड्याला पांघरूण घालून बसलंय. दाण्याच्या वाट्याला काही उरतच नाही."

मी वहीची मागची पानं उलटून पाहू लागले.

"बाटली काठोकाठ भर. आत हवा ठेवूच नको. काचेच्या गोट्या टाक, झाकण लाव अन् रोलरवर हळू लोळू दे. दोन-चार दिवस लोळू दे. जायला दुसरी जागा नसली की येईल दाण्याकडं."

केबिनमधून बाहेर आले तेव्हा कान गरम झाले होते. चार वर्षांत हे मला का सुचलं नाही? आणि सरांना आत्ताच कसं सुचलं? मग लक्षात आलं, आजवर मी त्यांना फक्त निकालाचे तक्ते दाखवत आले. फेस मी वहीत लिहायचे आणि तिथंच सोडायचे. तरीही त्यांनी मला उभं करून वाचायला लावलं, याचा राग गेलेला नाही.

७ एप्रिल

पुन्हा प्रथिन जमवलं. मेच्या आत एवढंच होणार, यापुढं संधी नाही. काठोकाठ भरायला अख्खी दुपार गेली. एक बुडबुडा मानेपाशी अडकला होता, तो टिचक्या मारून मारून काढला. झाकण लावल्यावर मध्येच उघडून बघायचं नाही असं ठरवलं, नाही तर पुन्हा हवा शिरेल. रोलर चालू केला. अगदी सावकाश फिरतो, पाळणा हलवावा तसा. दोन-चार दिवस कशाला, आठवडाभर चालू ठेवीन.

१४ एप्रिल

जयंती. आईचा फोन, "घरी ये. गावात मिरवणूक हाय, पुरणाचं करू राह्यले." मी म्हटलं बाटली लोळतेय. आई म्हणाली, "तिला काय भूक लागनार हाय का?" तरी गेले नाही. रोलर मध्येच बंद पडला तर, अशी भीती वाटते.

संध्याकाळी क्रांती चौकात गेले. सगळं शहर रस्त्यावर होतं. अनोळखी बाईनं हातात सरबताचा ग्लास दिला, कुणीतरी कपाळाला निळा गुलाल लावला. प्रत्येक जण कुणाला तरी हाका मारत होता. मागून "ए मेघा!" अशी हाक आली. वळले तर एक दुसरीच मेघा धावत आपल्या मैत्रिणींकडं गेली. त्यानंतर फार वेळ थांबले नाही. खोलीवर येऊन आरशात बघितलं, गुलाल होता. पुसावासा वाटला नाही.

१६ एप्रिल

सकाळी लॅब उघडली. रोलर थांबवला. बाटली उभी केली आणि समोर बसून राहिले. दूध. वर काही तरंगत नाही, खाली काही बसत नाही. दुपारपर्यंत तसंच. झाकण उघडून बोट घातलं.

ओलं. नखापासून पेरापर्यंत ओलं आणि पांढरं.

मी ते बोट हवेत धरून लॅबभर फिरले. मग आईला फोन केला.

"मिसळली."

"काय?"

"पावडर, आई. पाण्यात मिसळली."

"मिसळली व्हय? बरं झालं बाई. आता घरी ये मंग."

सुयशला फोटो पाठवला, त्यानं अंगठा पाठवला. मोनिकानं मेसेज अजून पाहिला नाही. खोलीवर जाऊन केसरबाईंना सांगण्यासारखं काही नव्हतं. शेवटी सरांना फोन लावला. त्यांच्या पत्नी मंजुषा मॅडमनी उचलला. म्हणाल्या, आम्ही हैदराबादला आहोत, देते सरांना. मागं कुणीतरी सारखे नंबर पुकारत होतं, बहुतेक स्टेशनवर असावेत.

"सर, ओलं झालं."

मग सर म्हणाले, "लगेच नाचू नको. शेजारी साध्या पाण्यातली बाटली ठेव, तुलनेला. दोन्हींना हात लावू नको. टिकली तर खरं. एकोणतीस मे माझा शेवटचा दिवस, तेव्हा बघायला येतो."

एवढंच. शाब्बास नाही, काही नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट झाली आणि सर हैदराबादला फिरताहेत. फोन ठेवला आणि हात धुतले.

८ मे

मशीनवर दाण्यांचा आकार मोजून घेतला. दाणे सुटे आहेत, पांघरूण घट्ट आहे. आकडे इतके सुंदर आले की कुणाच्या तरी गळ्यात पडावंसं वाटलं. मशीनवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, पुढचं सॅम्पल हाय का? नाय तर बंद करतो."

लॅबमध्ये उकाडा मरणाचा. दोन बाटल्या खिडकीत शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक दूध, एक स्वच्छ पाणी आणि वर पावडरचा थर. सरांनी एकदा ही बघावी. मला त्यांच्या शिफारशीचं पत्र नको, कौतुकही नको. त्यांनी बाटली उजेडात धरावी, भुवया उंचावाव्यात आणि आधीसारखं काहीतरी खवचट बोलावं, एवढंच हवं आहे. दुसऱ्या कुणाच्या बघण्यानं ती बघितल्यासारखी वाटणारच नाही.

२९ मे, शुक्रवार

निरोप समारंभ चारला संपला. मी मागच्या रांगेत होते. सर कडुबामामांना घेऊन लॅबमध्ये आले, हार मामांच्या हातात.

"कुठंय, मेघा?"

"खिडकीत, सर."

सर टेबलाच्या कडेवरून हात फिरवत खिडकीपाशी गेले. हाताला लागली ती बाटली उचलली, उजेडाकडं धरली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग भुवया उंचावून म्हणाले, "वा गं वा. निव्वळ दूध की! एक दाणा वर नाही."

त्यांच्या हातात साध्या पाण्याची बाटली होती. पावडरचा थर वर तरंगत होता आणि खालच्या पाण्यातून मला सरांची बोटं स्पष्ट दिसत होती.

चेष्टा करताहेत असं वाटून मी हसले. मग मामांकडं पाहिलं. मामा हारातल्या फुलांकडं बघत होते.

कॉरिडॉरमधून न बघता गेलेले सर. मामांच्या खांद्यावरचा हात. आवाजातले निरोप, शिक्क्यावर पडलेली सही, उभं राहून वाचायला लावणं, हैदराबादच्या दवाखान्यात पुकारलेले नंबर. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

"हो सर" म्हणता आलं असतं. सर खुशीत घरी गेले असते. तोंडाशी आलंही होतं. पण दिसत होतं तोवर या माणसानं मला कधी खोटी बाटली पास करून दिली नाही, आणि आज मी त्यांना ती द्यायची? मी त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली, दुसरीचं झाकण उघडलं आणि म्हटलं, "सर, परीक्षा राहिली. बोट."

सर हसले. "व्हय, ते राहिलंच."

मी त्यांचं मनगट धरून बोट बाटलीच्या तोंडाशी नेलं. त्यांनी ते आत बुडवलं आणि वर काढलं. बोटावरून पांढरा थेंब ओघळून त्यांच्या नव्या शर्टाच्या बाहीवर पडला. सरांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, पुन्हा घासलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"आधीची दुसरी होती का?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

ओलं बोट तसंच समोर धरून उभे राहिले. मग म्हणाले, "ओलं झालं गं मेघा."

मी टाळ्या वाजवल्या. मामांनी हार टेबलावर ठेवला आणि तेही वाजवू लागले. रिकाम्या लॅबमध्ये त्या टाळ्यांचा मोठाच आवाज झाला, आणि सर लहान मुलासारखे हसले.

जिन्यावर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी प्रत्येक वळणावर "पायरी, सर" म्हणत होते आणि त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. मंजुषा मॅडम खाली गाडीत होत्या. गाडी गेल्यावर मामा म्हणाले, "जानेवारीतच डोळ्याचे डॉक्टर म्हनले व्हते, काम बंद करा, घरी बसा. रजेचा अर्ज बी लिहला व्हता. मंग म्हनले, लॅब गेली तर पोरीचं राहून जाईल. तुला सांगू नको म्हनले, नाय तर तू प्रयोग सोडून सरांचीच काळजी करत बसशील."

मी वर आले. ही दैनंदिनी मागं उलटत गेले. ५ मार्चच्या पानावर 'आंधळ्यालाही दिसलं असतं' असं वाक्य आहे, ते खोडायला पेन टेकवलं आणि उचललं. राहू दे तसंच.

एवढ्यात फोन वाजला. सरांचा आवाजातला निरोप. "मेघा, बोट अजून धुतलं नाही. प्रबंधाचं पहिलं प्रकरण सोमवारी फोनवर वाचून दाखव. सावकाश वाच, गाळू नको. मी ऐकतो. लॅब गेली तरी मी इथंच हाय."

तो निरोप तीनदा ऐकला. मग सहामधली एक खुर्ची खिडकीजवळ ओढली, पहिलं प्रकरण काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, सोमवारी अडखळायला नको म्हणून.